आधी गाडी पकड, भीती मागून उतरेल

सगळ्यात आधी ईसीजी काढून घे, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, आणि मग मावशीचं ऐक. हा क्रम बदलू नकोस. हिंजवडीच्या बसमध्ये तुला जे झालं, ती धडधड, बोटांना आलेल्या मुंग्या, ओठांभोवतीचा बधिरपणा, ‘आता मी मरणार नाहीतर वेडी होणार’ असं वाटणं, ते सगळं तुझ्या आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला फार ओळखीचं वाटलं. पण मला ओळखीचं वाटलं म्हणजे निदान झालं असं नाही. थायरॉइड वाढलं तरी असंच धडधडतं, रक्त कमी असलं तरी धडधडतं. म्हणून एकदा डॉक्टरकडून नीट तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट नॉर्मल आले की थांबायचं. हे थांबणंच अवघड असतं बघ. ईसीजी झाला की टू-डी एको, मग दुसऱ्या डॉक्टरचं मत, मग रात्री बारा वाजता गुगल. प्रत्येक तपासणीने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी नवी शंका उभी राहते. सोन्याची चेन होईल एवढे पैसे यात घालवणारे लोक मी बघितलेत. उद्या काही वेगळंच दुखायला लागलं, जिना चढताना छाती भरून आली, तर डॉक्टर आहेतच. तेच तेच पुन्हा तपासायचं नाही, एवढंच म्हणते.

आता शरीराचं. जीव घाबरला की अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि अंग पळायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं म्हणून हातपाय गार पडतात, पोट ढवळतं. वाघ समोर असता तर हे सगळं कामाचं होतं. बसमध्ये वाघ नसतो, पळायला जागाही नसते, म्हणून ती तयारी नुसतीच अंगात साचून राहते. मुंग्यांचं कारण वेगळं. घाबरलं की आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग बोटं, ओठ बधिर व्हायला लागतात, डोकं हलकं होतं. अशा वेळी शेजारची बाई प्रेमाने म्हणते, ‘मोठा श्वास घे गं, मोठा श्वास घे.’ तिचं ऐकू नकोस. हवा आधीच जास्त झालेली असते. त्यापेक्षा श्वास बाहेर सोडायला शीक. नाकाने हळू आत, आणि घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ लावून बाहेर. सोडताना खांदे खाली येऊ देत. प्लास्टिकची नाहीतर कागदाची पिशवी तोंडाला लावायचा सल्ला कोणी देईल, तो तर मुळीच ऐकायचा नाही.

आणि चक्कर येऊन पडेन ही भीती तुला असणारच. मलाही होती, बायकांच्या डब्यात सगळ्यांसमोर पडू म्हणून. पण माणूस सहसा बेशुद्ध पडतो तो रक्तदाब उतरल्यावर. घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब उलट वाढलेला असतो. रक्त बघून किंवा इंजेक्शनची सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा खरंच उतरतो. तू त्यातली नाहीस. तू तर लहानपणी कोंबडी कापताना पुढे बसून बघायचीस.

ऑस्ट्रेलियात क्लेअर वीक्स नावाच्या एक डॉक्टर होत्या. तरुणपणी त्यांना क्षय झालाय असं चुकून ठरवलं गेलं आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथून आल्या त्या धडधड घेऊनच. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की हे भीतीचं काम आहे, खंदकात आम्हा सैनिकांचंही असंच व्हायचं. पुढे 1962 मध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी पुस्तक लिहिलं. त्यांचं एक म्हणणं मी आजवर धरून आहे. भीती दोन असतात. पहिली आपोआप येते, धस्स होतं ती. दुसरी आपण तिच्यावर घालतो: ‘अरे देवा, परत आली, आता काय होणार, इथून बाहेर कशी पडू?’ पहिलीवर आपला ताबा नाही. दुसरी आपलीच असते आणि तीच आग पेटती ठेवते. वीक्सबाईंचा उपाय चार गोष्टींचा होता: सामोरं जा, आहे ते मान्य कर, तिच्याशी झटापट न करता अंग सैल सोडून तरंगत राहा, आणि वेळ जाऊ दे. वाचायला सोपं आहे. मान्य करणं म्हणजे दातावर दात दाबून सहन करणं असं पहिले बरेच महिने वाटतं. तसं नाही ते. घड्याळाकडे बघत ‘कधी जाणार, कधी जाणार’ करणं बंद झालं की समजायचं, आता मान्य केलंय. भीतीची लाट साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचते आणि मग आपली आपण उतरायला लागते. तू काही केलंस तरी उतरते आणि काही नाही केलंस तरी उतरते.

तर आता मुख्य गोष्ट. तू वर्क फ्रॉम होम मागणार आहेस, असं कळलं. मागू नकोस. मागितलं असशील तर थोड्या दिवसांचं घे आणि परतायची तारीख ठरवून घे. घरी बसलं की दुसऱ्याच दिवशी इतकं बरं वाटतं की वाटतं, हाच उपाय होता. तिथेच फसगत आहे. बस टाळली की बसची भीती वाढते, मग रिक्षाही नको वाटते, मग मॉलमधली रांग, मग लिफ्ट, मग न्हाव्याच्या नाहीतर पार्लरच्या खुर्चीत डोकं मागे टाकून बसणं. मी एक बाई बघितली आहे, तिचं जग शेवटी स्वयंपाकघर आणि बाल्कनी एवढंच उरलं. तिला वाटायचं, भीती गेली की मग जाईन. भीती तशी जातच नाही. आधी आपण जायचं, घाबरत घाबरत जायचं, आणि भीती मागाहून कमी होते. क्रम हाच आहे.

आमच्या वेळी डोंबिवलीहून जलद लोकल पकडली की पुढचं स्टेशन ठाणे, आणि मध्ये पारसिकचा बोगदा. 1916 मध्ये सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. डब्यात दिवे असायचे आणि नसायचेही. गर्दी एवढी की हात वर गेला तर वरच राहायचा. गाडी बोगद्यात थांबली तर, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात दिवा स्टेशनापासून सुरू व्हायचा. धीमी गाडी मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्रा, कळवा करत खाडीच्या बाजूने जाते, उघड्यावरून. साहजिकच मी धीमी पकडायला लागले, घरून लवकर निघायला लागले, ऑफिसात ‘मला बसायला जागा मिळते म्हणून’ असं सांगायला लागले. मग धीमीतही धडधडायला लागलं.

केईएम हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी मला एक कागद घेऊन पायऱ्या लिहायला लावल्या. सगळ्यात कमी भीतीची खाली, सगळ्यात जास्त वर. गर्दीच्या वेळी नुसतं फलाटावर उभं राहून दोन-तीन गाड्या सोडायच्या, ही माझी पहिली पायरी. मग दुपारच्या धीम्या गाडीने दिव्यापर्यंत आणि परत. मग ठाण्यापर्यंत. मग दुपारची जलद, तुझ्या आईला बरोबर घेऊन. तिने तेव्हा कॉलेज बुडवून माझ्यासोबत बोगद्याच्या फेऱ्या मारल्या आहेत, विचार तिला. मग तीच जलद, पण तुझी आई पुढच्या डब्यात. मग एकटी. सगळ्यात वर सकाळची, लटकलेली गर्दी. बाईंचा एकच नियम कडक होता: भीती चढलेली असताना उतरायचं नाही. जरा तरी ओसरू द्यायची आणि मग उतरायचं. चढत्या भीतीत पळ काढलास तर मनात पक्कं होतं की पळाले म्हणून वाचले. ओसरल्यावर उतरलीस तर कळतं की पळाले नसते तरी वाचलेच असते. आणि एक पायरी एकदा करून भागत नाही. तीच पायरी रोज किंवा एक दिवसाआड, कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा आला की ती पायरी झाली. आता 2022 पासून जलद लोकल त्या बोगद्यातून जातच नाहीत, बाहेरच्या नव्या रुळांवरून जातात. बोगदा लांबच्या गाड्यांना ठेवला आहे. माझी एवढी तयारी, आणि रेल्वेने बोगदाच काढून घेतला.

तुझ्या पायऱ्या तू लिही. मी नुसतं सुचवते: वाकडपासून शिवाजी चौकापर्यंत, दुपारच्या रिकाम्या पीएमपीने. मग फेज वन. मग फेज टू. मग खिडकीची जागा न घेता. मग संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे बस अर्धा तास हलत नाही.

यात एक चोरवाट असते, ती सांगून ठेवते. आपण जातो खरं, पण आधार घेऊन जातो. पर्समध्ये पेपरमिंट, कापराची पुडी, पाण्याची बाटली, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात ती अर्धी गोळी. दारापाशीच उभं राहायचं. फोन कानाला लावून ठेवायचा. नाडी मोजत राहायचं. तुझ्या त्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात ना, ते आधी बंद कर. आधार असला की प्रवास पार पडतो, पण श्रेय आधाराला जातं, तुला मिळत नाही. सुरुवातीला घे हवं तर. मग एकेक कमी कर. बाटली राहू दे, पुण्यात उन्हाळा असतो.

आईला ‘पोचले’ म्हणून मेसेज करतेस, ठीक आहे, सगळ्याच मुली करतात. पण ‘मला काही होणार नाही ना गं?’ हे दिवसातून दहादा विचारणं वेगळं. ती म्हणते, ‘काही नाही होणार’, आणि तुला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मी तिला सांगितलंय की एकदाच उत्तर द्यायचं, आणि परत विचारलंस तर, ‘याचं उत्तर तुला माहीत आहे, चल भाजी निवडू’ असं म्हणायचं. तिला ते निष्ठूर वाटतं. तू तिला परवानगी देऊन टाक.

काळजीचं म्हणशील तर ती दिवसभर थोडी थोडी करू नकोस, एकदम बसून कर. थट्टा नाही. बोर्कोवेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. रोजची एक वेळ ठरवायची, जागाही एकच. माझी संध्याकाळची, चहा झाल्यावर, गॅलरीतल्या खुर्चीत. झोपायच्या आधीची वेळ घ्यायची नाही, आणि पलंगावर तर नाहीच. दिवसा काळजी आली की वहीत दोन शब्दांत टिपायची आणि ‘संध्याकाळी बघते तुझ्याकडे’ म्हणून हातातलं काम करायचं. ‘विचार करायचाच नाही’ असं मनाला सांगून काही होत नाही, उलट तो विचार चिकटून बसतो. पुढे ढकलायला मात्र मन तयार होतं. मग ठरलेल्या वेळी वही उघडायची आणि अर्धा तास मन लावून काळजी करायची. मी पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे ज्याचं काही करता येईल ते, आणि लगेच पुढे काय करणार ते: ‘गॅस एजन्सीला फोन, उद्या अकरा.’ उजवीकडे ज्याचं काही करता येत नाही ते. उजवी बाजू नेहमी भरलेली असते. मजा म्हणजे सकाळी अकराला डोंगराएवढं वाटलेलं संध्याकाळी वहीत बघितलं की अर्ध्याहून जास्त वेळा लिहिल्याचीही लाज वाटते.

चहा-कॉफी कमी कर. दुपारी चारनंतर नको, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी चार कप चहा ढोसून मग हात थरथरतात म्हणून घाबरणाऱ्या बायका आपल्या घरात कमी नाहीत. संकष्टी सोडलीस तरी गणपती रागावणार नाही, केलीस तर नीट खाऊन कर. झोपेची वेळ सांभाळ, रोज घाम येईपर्यंत चाल. यापलीकडे या विषयावर मला काही म्हणायचं नाही, सगळं जग तेच सांगत असतं.

ऑफिसातल्या प्रेझेंटेशनची भीती ही त्याच घरातली धाकटी जाऊ. तिच्यासाठी अल्बर्ट एलिस नावाचा मानसशास्त्रज्ञ. 1955 च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत कि. मो. फडक्यांनी तिच्यावर भरपूर लिहिलंय, आणि अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तुला आवडेल. हा एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकटी बसलेली दिसेल त्या मुलीशी बोलायचं त्याने ठरवलं, आणि महिनाभरात शंभरेक जणींशी बोलला. त्यातली एक भेटायला यायला कबूल झाली आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली, कारण नकार ऐकून काहीच होत नाही हे शंभर वेळा बघून झालं होतं. तू मीटिंगमध्ये मुद्दाम एक बावळट प्रश्न विचारून बघ. ‘मी अडखळले तर बरं वाटणार नाही’ हे खरं आहे. ‘मी अडखळताच कामा नये’ हे मात्र कोणी लिहून दिलंय?

डॉक्टरकडे जायचं का? ऑफिस, झोप, जेवण यावर परिणाम व्हायला लागला आहे, म्हणजे जायचंच. गोळ्या देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, एमबीबीएस होऊन पुढे त्याच विषयातलं शिक्षण घेतलेले. बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांची पुनर्वास परिषदेकडची म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का, हे न लाजता विचारायचं. ‘सीबीटी, म्हणजे विचार-वर्तन उपचार, करता का, गृहपाठ देता का’ हेही विचार. गृहपाठ न देणाऱ्याकडे नुसत्या गप्पा होतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलतात. रात्री कधी जगणंच नको असं मनात आलं, तर वही, पायऱ्या, मावशीचे कानमंत्र सगळं बाजूला ठेवून लगेच तो नंबर लाव आणि आईला उठव. तिथे संध्याकाळची वाट बघायची नाही.

गोळी दिली तर घे. मला इमिप्रामिन दिली होती, तोंडाला इतकी कोरड पडायची की मी दिवसभर लवंग चघळायचे. आता एसिटालोप्राम, सर्ट्रालिन असलं देतात, ते बरंच सुसह्य आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात कधी कधी बेचैनी वाढते. तेव्हा ‘मला सूट झाली नाही’ म्हणून बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. बरं वाटायला लागल्यावरही स्वतःहून बंद करायची नाही, ते हळूहळू उतरवत नेतात. दुसरी, अल्प्राझोलामसारख्या गोळीने अर्ध्या तासात शांत वाटतं, आणि म्हणूनच तिची सवय लागते. मैत्रिणीच्या पाकिटातली तर घ्यायचीच नाही, आणि दारूवर तर कधीच नाही.

मेडिक्लेमचंही बघून ठेव. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक आहे. मात्र ओपीडीची फी बहुतेक पॉलिसीत येत नाही, तो खर्च खिशातून धर.

नजर काढायची असेल तर आईला काढू दे, मीठ-मोहऱ्या स्वस्त आहेत. कुणा बाबाकडे नेऊ लागली तर मला फोन कर.

आणि स्थळांचं. आई म्हणाली, ‘आता हे गोळ्यांचं कोणाला कळू देऊ नकोस हं, निदान लग्न ठरेपर्यंत.’ माझं लग्न झाल्यावर सुरू झालं, त्यामुळे माझ्यावर ही वेळ आली नाही, पण गोळ्यांची स्ट्रिप तांदळाच्या डब्यात लपवून संसार करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. लपवायची सगळी मेहनत त्या भीतीतच भर घालते. बायोडेटात लिहायचं काही कारण नाही. पहिल्या भेटीत चहा-पोह्यांवर सांगायचंही कारण नाही. पण मुलगा बरा वाटला आणि दोन-तीनदा भेटलात की साखरपुड्याच्या आधी तू स्वतः सांगायचं, आईने किंवा मध्यस्थाने नाही. चार वाक्यं पुरे: मला पॅनिकचा त्रास आहे, उपचार चालू आहेत, नोकरी करते, आणि कधी प्रवासात गप्प बसले तर मला पाच मिनिटं दे. रडायचं नाही, माफी मागायची नाही, मधुमेह सांगतात तसं सांगायचं. तो काय विचारतो त्याकडे लक्ष दे. ‘आता कशी आहेस, काय मदत होते’ असं विचारलं तर पुढे भेट. ‘बरं झालं की गोळ्या बंद करशील ना’ एवढंच विचारलं तर घरी येऊन मला सांग. आईला काय सांगायचं ते मी बघते, ती माझ्यापेक्षा धाकटी आहे.